बिनलसणाचा डबा

"दिवाण तिथं नको. खिडकीखाली घ्या. आणि आरसा दाराच्या मागं लावा," डायरेक्टर म्हणाला, आणि माझ्या हातातल्या कपांतला चहा बशीत सांडला.

कारण दिवाण खिडकीखालीच असायचा आणि आरसाही दारामागंच असायचा. माझे धाकटे दीर उमेशभाऊजी गेल्यावर त्यांची ती वरची खोली मीच बदलली होती. दिवाण भिंतीला लावला, आरसा खाली आणला, खिडकीला पडदा केला. त्यालाही तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. या माणसाला आमच्या घरी येऊन अर्धा तास झाला नव्हता, आणि तो खोली बघून दिवाण कुठं होता ते सांगत होता.

आमच्या वाईत शूटिंगचं कुणाला नवल नाही. घाटावरून खडा मारलात तर तो भटजीला लागायच्या आधी शूटिंगवाल्याला लागतो. पण आमचं घर काही वाड्यासारखं देखणं नाही. सासऱ्यांनी बांधलेलं साधं स्लॅबचं घर, खाली तीन खोल्या, वर एक. असल्या घरात कोण कशाला सिनेमा काढेल? मी मध्यस्थ नाना शेवाळ्यांना तसं विचारलंही होतं. नाना म्हणाले, "अहो वहिनी, मोठा सिनेमा नाही. पाच जणांनी पाच छोट्या छोट्या फिल्म करायच्या आणि जोडून एक सिनेमा. तिसरी तुमच्या घरात. दोन मित्रांची गोष्ट आहे, तीन दिवसांचं काम."

"मित्रांच्या गोष्टीला आमचंच घर कशाला?"

"त्यांनी हेच घर मागितलं. नाव-पत्ता सांगून."

हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मी जात्याच संशयी. आमचे हे म्हणतात, दूधवाला हसला तरी मंदा दुधात पाणी शोधते. शोधते, आणि बऱ्याचदा सापडतंही.

डायरेक्टरचं नाव अनिरुद्ध केळुसकर. उंच, सडपातळ, पन्नाशीच्या आतबाहेरचा, कानशिलावर पांढरं आलेला. बोलायला मऊ. त्याची बाकीची माणसं मला मॅडम म्हणायची, कुणी काकू म्हणायची. हा एकटा पहिल्या वाक्यापासून वहिनी म्हणाला. नानांनी म्हटलेलं वेगळं, ते गावातले. ह्यानं कुठून वहिनी काढली?

त्याच दिवशी दुपारी तो परसात जायला निघाला. आमच्या परसदाराची कडी नुसती ओढून निघत नाही. आधी दाराला खांदा लावून रेटा द्यावा लागतो, मगच कडी वर होते. नवा माणूस तिथं पाच मिनिटं झगडतो आणि मग मला हाक मारतो. हा सरळ गेला, खांदा लावला, कडी वर केली, दार उघडलं, आणि पुढच्या पावलाला त्याचं कपाळ चौकटीवर असं आदळलं की स्वयंपाकघरात आवाज आला.

मी हळद लावली. तो डोळे मिटून बसला होता.

"कडीचं बरं माहीत तुम्हाला?" मी विचारलं.

"जुन्या दारांचं असंच असतं, वहिनी."

आमचं दार तेवढं जुनं नाही. आणि ज्याला कडी माहीत त्याला चौकट माहीत नको? आमच्या घरी एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा तिथं वाकतोच. म्हणजे हा आलेलाही होता आणि आलेला नव्हताही. रात्री मी ह्यांच्या कानावर घातलं.

हे म्हणजे माझे यजमान, हणमंतराव जमदाडे, एसटीतून रिटायर झालेले. ते अंथरुणात उठूनच बसले. "हिस्सा!" म्हणाले. "उमेशचा अर्धा हिस्सा आहे ह्या घरात. त्यानं पुण्यात कुणाला काही लिहून दिलं असेल तर?"

"लिहून देतील कशाला?"

"मग घर बघून कशाला ठेवलंय त्यानं? तू आईला काही बोलू नको."

ते सांगायला नकोच होतं. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आम्हाला जपायचं होतं. त्या ऐंशीला टेकल्या होत्या, कानांनी आणि दातांनी शाबूत, पण मनाला एक गाठ बसली होती आणि ती सगळ्या घराला माहीत होती.

उमेशभाऊजी पुण्याहून मोटारसायकलवर घरी येताना घाटात अपघात होऊन गेले. चाळिशीही गाठली नव्हती, लग्न केलं नव्हतं. दहाव्याला आम्ही सगळे कृष्णेच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला. समोरच्या पिंपळावर कावळे हे एवढे, पण एक खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिलेली, हे का कुणाला सांगायला हवं? हे हात जोडून एकेक कबूल करत गेले. आईला अंतर देणार नाही. तुझी सायकल भंगारात घालणार नाही. तुझ्या नावानं शाळेत पंखा देईन. मी वरच्या पायरीवरून म्हटलं, भाऊजी, काही चुकलं असेल तर पोटात घाला. ऊन माथ्यावर आलं, लोक कंटाळून उठायला लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि पुढचं उरकलं.

तेव्हापासून आत्याबाई दर पितरपाटात विचारायच्या, "काय ऱ्हायलं आसंल गं त्याचं?" जेवताना विचारायच्या, झोपेत बडबडायच्या. मला म्हणायच्या, "मी गेले की त्यो म्होरंच आसंल उभा. आई आसून तुला कळलं न्हाई व्हय, म्हणल. काय तोंड दावू?" आणि अशा बाईसमोर, उमेशभाऊजींच्याच खोलीत, कोण कुठला माणूस दिवाण खिडकीखाली सरकवत होता. मी त्याच्यावर मांजरासारखी नजर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण बाहेरून यायला उशीर झाला. आत्याबाईंना माणसं उपाशी बघवत नाहीत. म्हणाल्या, भाकरी-चटणी तरी वाढ. मी वाढलं. डायरेक्टरनं ताटाकडे बघून हळूच विचारलं, "चटणीत लसूण आहे का, वहिनी? मला सोसत नाही."

आत्याबाई खांबाला टेकून घेवडा मोडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, राग आला असेल. घरच्या चटणीला नाव ठेवलेलं त्यांना कधीच खपलं नाही. मी त्याला दही वाढलं आणि मनात म्हटलं, नखरे बघा.

जेवणं झाल्यावर वर तालीम चालली होती. मी वाळवण आणायच्या निमित्तानं गच्चीवर गेले आणि खिडकीच्या फटीतून बघितलं. दोन नट होते, एक दाढीवाला आणि एक चष्मेवाला. चष्मेवाला खाली बसला होता, दाढीवाला दिवाणावर बसून त्याच्या डोक्याला तेल लावत होता. मग चष्मेवाल्यानं त्याचा तेलकट हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवून दिला. मी दुधखुळी नव्हते. मित्र एकमेकांचे हात धरतात, पण असे धरत नाहीत.

मी जिन्यात डायरेक्टरला गाठलं. "कसली गोष्ट आहे ही?"

तो कचरला नाही. "दोन पुरुषांच्या संसाराची, वहिनी. पाचही फिल्म तशाच आहेत. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या."

"आणि ती आमच्या घरात? आत्याबाईंना कळलं तर?"

"तुम्ही आत्ता थांबा म्हणालात तर मी थांबवतो," तो म्हणाला. "पण गोष्टीत वाईट काही नाही. भांडतात, रुसतात, एकमेकांचे डबे धुतात."

मी थांबवायला हवं होतं की नको, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. तेवढ्यात खालून कुणी हाक मारली आणि तो गेला. मी वरच्या खोलीत शिरले. नट खाली उतरले होते. दिवाणावर त्यांचं सामान पडलं होतं, उशी, टॉवेल, रेडिओ आणि स्टीलचा एक डबा. मी तो सहज उचलला आणि उलटा केला.

डब्याच्या बुडाशी नाव घातलेलं होतं. पारूबाई जमदाडे, वाई.

आमच्या आत्याबाईंचं नाव. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आहे, बाजारपेठेतल्या भांडीवाल्याच्या हातचं, पारूतला रू वाकडा काढलेलं. आणि हा डबा मला माहीत होता. उमेशभाऊजी रविवारी पुण्याला निघाले की आत्याबाई दोन डबे भरायच्या. शेंगदाण्याची चटणी दोन्हींत, पण एक लसणाची आणि एक बिनलसणाची. "माझ्या पार्टनरला लसूण चालत नाही," भाऊजी सांगायचे. रूमपार्टनर. पोराचा पार्टनर म्हणून आत्याबाईंनी वर्षानुवर्षं ती वेगळी चटणी कुटली, खलबत्ता आधी धुऊन घेऊन. भाऊजी गेल्यावर त्यांची ट्रंक एसटीनं आली, तिच्यात एकच डबा होता. पार्टनरचा फोन एकदा आला होता, तो ह्यांनी घेतला. "सामान पाठवून द्या," एवढंच म्हणाले आणि ठेवला. नाव विचारायचंही सुचलं नाही. भाऊजींनी तरी त्याचं नाव कुठं घेतलं होतं कधी! पार्टनर म्हणतो, पार्टनरला हवंय. आम्ही बायका नवऱ्याचं घेत नाही, तसंच.

हे माझ्या ध्यानात आलं आणि मी दिवाणावर बसलेच.

डबा पदराखाली घालून मी ह्यांना दाखवला. ह्यांचा चेहरा उतरला. "बघ! मी म्हटलं नव्हतं? तोच हा. उद्या कागद काढतो की नाही बघ."

"पण मग चौकट कशी लागली त्याला?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला उलगडलं. उमेशभाऊजी बुटके. ती चौकट त्यांना उभ्या जन्मात लागली नव्हती, तर ते सांगतील कुठून? कडी सांगितली असेल, दिवाण सांगितला असेल, आरसा सांगितला असेल. पुण्याच्या खोलीत बसून त्यांनी सगळं घर त्याला सांगून टाकलं होतं. तो आमच्या घरी कधी आलाच नव्हता. त्याला कधी कुणी बोलावलंच नव्हतं.

"तुला काय वाटतं, काय हवं असेल त्याला?" ह्यांनी विचारलं.

"तेच कळत नाही," मी म्हटलं. संशय होताच, पण आता तो आधीसारखा चावरा राहिला नव्हता.

तिसरा दिवस शेवटचा. संध्याकाळच्या आत घाटावरचा प्रसंग घ्यायचा होता, त्याची तालीम सकाळी आमच्याच अंगणात चालली. गोष्टीतला चष्मेवाला मेलेला, त्याचा दहावा. थोरल्या भावाचं काम करणारा नट हात जोडून उभा राहिला. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते, हे शेजारी पेपर धरून बसले होते.

"कावळा कुठून आणणार?" मी नानांना विचारलं.

"कावळा नाहीच यायचा गोष्टीत," नाना म्हणाले.

आणि तो नट बोलायला लागला. "आईला अंतर देणार नाही. तुझी सायकल भंगारात घालणार नाही..."

ह्यांच्या हातातला पेपर खाली आला. "बंद करा!" हे ओरडले. "बंद करा हे! कोण तुम्ही? आमच्या घरातलं दुःख विकायला काढलंय? हिस्सा पाहिजे तर सरळ माग, असली नाटकं नकोत!"

डायरेक्टर पांढराफटक पडला. "हिस्सा?" म्हणाला. "दादा, मला काही नको."

"सायकलीचं कुणी सांगितलं तुला?"

तेवढ्यात मागे दार वाजलं. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी धावले, "आत्याबाई, तुम्ही आत चला," पण त्यांनी माझा हात बाजूला केला आणि भिंतीच्या आधारानं अंगणात उतरल्या. त्याच्यासमोर जाऊन मान वर करून त्याला न्याहाळलं. कपाळावर टेंगूळ होतं, हळद होती.

"लसून सोसत न्हाई तुला," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही सोसत."

"पुन्याचा पार्टनर."

त्यानं मान हलवली.

"घाटावर आला हुतास?"

"आलो होतो. खाली, धुण्याच्या दगडापाशी उभा होतो. बायका धुणं धूत होत्या, त्यांच्या मागं."

"मग समदी एवढी इनवन्या करत हुती तवा म्होरं यायचं न्हाई व्हय रं? दोन शबुद बोलायचं न्हाई?"

"कोण म्हणून बोलू, आई?" तो म्हणाला.

थोरल्या भावाचं काम करणारा नट अजून तसाच हात जोडून उभा होता. ह्यांनी मान खाली घातली होती.

आत्याबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "मला एकच सांग. लई वरसं इचारतीय मी, कुनाला ठावं न्हाई. काय ऱ्हायलं हुतं रं माझ्या उमेशचं?"

त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "तुमच्या हातचं मी डब्यातून खाल्लं, वर्षानुवर्षं. तो म्हणायचा, एकदा तुला घरी नेतो, आईसमोर पाटावर बसवतो, ताटात खा. दर रविवारी परत आला की म्हणायचा, पुढच्या खेपेला सांगतो घरी. त्या खेपेला सांगायलाच निघाला होता."

आत्याबाई हेलपाटल्या. मी धरलं. वाटलं, आता ह्या पडतात. पण त्या पडल्या नाहीत. जरा वेळ माझ्या दंडाला धरून उभ्या राहिल्या, आणि मग इतक्या वर्षांत ऐकली नव्हती अशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मंदा, खलबत्ता धू. चांगली चिंच लावून धू, लसनाचा वास ऱ्हाता कामा नये. आन् हणमंता, पाट मांड."

"आई, शूटिंग..." नाना मध्येच म्हणाले.

"शूटिंग मसनात घाल."

शेंगदाणे त्यांनी स्वतः भाजले. मी कुटू का म्हटलं, नको म्हणाल्या. ह्यांनी पाट मांडला, आणि कुणी सांगितलं नसताना उमेशभाऊजींचं पितळी ताट फडताळातून काढून पुसलं. तो पाटावर मांडी घालून बसला, आत्याबाई समोर बसल्या. खात होता आणि रडत होता, रडत होता आणि खात होता. आत्याबाई वाढत राहिल्या. मी रिवाजाप्रमाणं कावळ्याचा घास पानावर काढून परसाकडे निघाले, तर म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे." मी पान तिथंच ठेवलं.

जाताना तो परसदारी हात धुवायला गेला आणि चौकटीशी आल्यावर बरोबर वाकला. डबा मी त्याला परत दिला, भरून, आणि घाटावरचा राहिलेला प्रसंग घ्यायला त्याची माणसं निघाली. हिश्श्याचं आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

त्या पाच फिल्म पुण्यात एका हॉलमध्ये लागल्या, तेव्हा त्यानं आम्हाला गाडी पाठवून नेलं. आत्याबाई नवी इरकल नेसून पहिल्यांदा सिनेमाला बसल्या. पहिल्या फिल्ममध्ये दोन पोरं समुद्राकाठी भांडत होती. आत्याबाई म्हणाल्या, जेवली नसत्याल, म्हून भांडत्यात. दुसरीत एकाचं बळंच लग्न लावलं, तेव्हा त्यांनी वरमाईला मोठ्यांदा शिवी दिली. तिसरी आमची. आमचं अंगण, आमचा दिवाण, आमचा आरसा. दिवाणावरचा तो तेल लावायचा प्रसंग आला तेव्हा मी धास्तावून आत्याबाईंकडे बघितलं. त्या पदरानं डोळे टिपत होत्या. "उमेशला लई आवडायचं त्याल घालून घ्यायला," म्हणाल्या.

शेवटी पडद्यावर घाट आला. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला. धुण्याच्या दगडापाशी उभा असलेला दाढीवाला पाठ फिरवून चालायला लागला आणि अंधार झाला. हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं.

"खोटं हाय हे!" आत्याबाई म्हणाल्या.

मी त्यांचा हात दाबला. लोक वळून बघायला लागले. पुढच्या रांगेतून अनिरुद्ध उठून उभा राहिला.

"आत्याबाई, गप बसा," मी म्हटलं.

"का गप बसू? शिवला हुता कावळा!" त्या सगळ्या हॉलला सांगायला लागल्या. "उशिरा शिवला, पन शिवला. माझ्या म्होरं बसून तीन भाकरी खाल्ल्या त्यानं."